क्लेमेन्स फॉन पीर्के

क्लेमेन्स पीटर फॉन पीर्के (१२ मे १८७४ – २८ फेब्रुवारी १९२९) हे ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. आज जगभर बोलला जाणारा 'ॲलर्जी' हा शब्द त्यांनी १९०६ मध्ये घडवला. घोड्याच्या रक्तरसाची लस टोचल्यानंतर होणाऱ्या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन, क्षयरोगाच्या निदानासाठी त्वचेवर करावयाची चाचणी आणि पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांना अन्न पुरवण्याची योजना ही त्यांची प्रमुख कामे होत. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच कधीकधी शरीराला पीडा देते, हा विचार त्यांनी वैद्यकात रुजवला. ॲलर्जीचे आणि स्वयंप्रतिरक्षेचे जे आजार आज ओळखले जातात, त्यांच्या आकलनाची व शुश्रूषेची वाट या विचारातून निघाली.

आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवसही १२ मे हाच आहे. हा केवळ योगायोग असला तरी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून रोजची नोंद ठेवणे हेच पीर्के यांच्याही संशोधनाचे मुख्य साधन होते.

बालपण व शिक्षण

पीर्के यांचा जन्म व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन येथील वाड्यात एका सरदार घराण्यात झाला. घराणे मूळचे आजच्या बेल्जियममधील लिएज येथील. आजोबा ऑस्ट्रियाच्या सैन्यात सेनापतिपदापर्यंत चढले आणि त्यांना सरदारकी मिळाली. वडील संसद सदस्य होते. आई व्हिएन्नातील एका नामवंत सावकारी पेढीच्या घराण्यातील होती. धाकटे बंधू गिडो फॉन पीर्के पुढे अग्निबाणशास्त्राचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले.

क्लेमेन्स यांनी धर्मगुरू व्हावे असे आधी ठरले होते. त्यानुसार इन्सब्रुक येथे त्यांनी धर्मशास्त्राचा आणि बेल्जियममधील लूव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. १८९४ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर मात्र त्यांनी वैद्यकाकडे वळण्याचे ठरवले. सरदार घराण्यातील मुलाने डॉक्टर होणे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. व्हिएन्ना, क्योनिग्जबर्ग आणि ग्रात्स येथे शिकून १९०० मध्ये ग्रात्स विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. ग्रात्स येथेच त्यांना थिओडोर एशेरिश हे गुरू लाभले. आतड्यातील एका जिवाणूला आज ज्यांचे नाव आहे, तेच हे एशेरिश. १९०२ मध्ये एशेरिश व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात आले आणि पीर्के तेथे त्यांचे सहायक म्हणून काम करू लागले. याच काळात माक्स फॉन ग्रुबर यांच्याबरोबर त्यांनी प्रतिविषाच्या प्रश्नावर लेखन केले आणि पाउल एरलिश यांच्यासारख्या दिग्गजाच्या सिद्धान्तांवर टीका केली. वयाच्या तिशीच्या आतच हे धाडस त्यांनी केले होते.

रक्तरसाचा आजार

पीर्के यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागते. घटसर्पाने मुले गुदमरून मरत. १८९० नंतर घोड्याला घटसर्पाचे विष थोडेथोडे टोचून त्याच्या रक्तातील रक्तरस काढण्याची आणि तो आजारी मुलाला देण्याची पद्धत निघाली. तिने असंख्य मुले वाचली. परंतु काही मुलांना टोचल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने ताप येई, अंगावर पित्ताच्या गांधी उठत, सांधे दुखत, काखेतल्या व मानेतल्या गाठी सुजत, चेहऱ्यावर सूज येई. १८९६ मध्ये तर बर्लिनमधील एका डॉक्टरांचा धडधाकट लहान मुलगा खबरदारी म्हणून दिलेल्या टोचणीनंतर काही मिनिटांतच दगावला होता. औषध वाईट की रोगी नाजूक, असा वाद माजला. बहुतेकांचे मत असे होते, की घोड्याच्या रक्तरसातच काही विषारी द्रव्य असावे.

सेंट ॲना रुग्णालयात त्या वेळी लोहितांग ज्वराच्या मुलांना पाउल मोझर यांनी तयार केलेला रक्तरस मोठ्या मात्रेत दिला जाई. पीर्के आणि हंगेरीत जन्मलेले त्यांचे तरुण सहकारी बेला शिक यांनी या मुलांचे रोज निरीक्षण सुरू केले. ताप किती, पुरळ कोणत्या दिवशी उठले, गाठी कधी सुजल्या, वजन किती वाढले (वजन एकाएकी वाढणे म्हणजे अंगात पाणी साठणे), लघवीत काय आढळले, हे सारे दिवसवार लिहिले गेले. त्यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. तापमापक, तराजू आणि दिनदर्शिका एवढीच त्यांची सामग्री.

या नोंदींतून जे दिसले ते महत्त्वाचे होते. पहिल्यांदा रक्तरस मिळालेल्या मुलाला त्रास साधारण ८ ते १२ दिवसांनी होई. तोच रक्तरस काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा दिला, तर त्रास त्याच दिवशी, कधी काही मिनिटांत सुरू होई. द्रव्य तेच, मात्रा कमी असली तरीही. दोष केवळ घोड्याच्या रक्तरसातील विषाचा असता, तर पहिल्या वेळी आठ दिवस थांबण्याचे त्याला कारण नव्हते. अर्थात या आठ दिवसांत मुलाच्या शरीरातच काहीतरी घडत होते. परक्या द्रव्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्रतिपिंडे अंगात उरलेल्या त्या द्रव्याशी भिडली की आजार उद्भवतो, असा अर्थ पीर्के यांनी लावला. दुसऱ्या वेळी प्रतिपिंडे आधीच तयार असतात किंवा झटपट तयार होतात, म्हणून वाट पाहावी लागत नाही.

त्यांनी हाच विचार देवी, गोवर अशा रोगांच्या परिपाककालालाही लावला. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ हा केवळ जंतूंची संख्या वाढण्याचा काळ नसून शरीराच्या उत्तराची तयारी होण्याचा काळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपला अग्रहक्क नोंदवण्यासाठी एप्रिल १९०३ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त एका मोहोरबंद लिफाफ्यात घालून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवला. १९०५ मध्ये पीर्के आणि शिक यांचा 'रक्तरसाचा आजार' या विषयावरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी कुत्र्यांवर, तर मॉरिस आर्तुस यांनी सशांवर मिळतेजुळते प्रयोग केले होते. रिशे यांना त्याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पीर्के यांचे वेगळेपण असे, की त्यांचे निष्कर्ष आजारी मुलांच्या खाटेशेजारी निघाले.

'ॲलर्जी' हा शब्द

२४ जुलै १९०६ रोजी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात पीर्के यांचा एक छोटासा लेख आला. त्यात 'ॲलर्जी' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. ग्रीक भाषेतील 'ॲलोस' म्हणजे अन्य, निराळा आणि 'एर्गॉन' म्हणजे कार्य, यांपासून तो बनवला आहे. एखाद्या द्रव्याशी एकदा संबंध आल्यावर शरीराची त्या द्रव्याला प्रतिसाद देण्याची रीत बदलते, त्या बदलाला त्यांनी हे नाव दिले. बदल संरक्षक आहे की त्रासदायक, याचा निवाडा या शब्दात नव्हता. देवीची लस एकदा टोचलेल्या माणसाला ती पुन्हा टोचली की लवकर पण सौम्य पुरळ उठते आणि रक्तरस दुसऱ्यांदा दिलेले मूल लगेच आजारी पडते. या दोन्ही घटना पीर्के यांच्या मते एकाच जातीच्या होत्या. 'प्रतिरक्षा' या शब्दात संरक्षणाचा अर्थ गृहीत धरलेला असल्यामुळे तो त्यांना अपुरा वाटला. आजारास कारण होणारी प्रतिरक्षा ही त्यांच्या समकालीनांना वदतोव्याघात वाटे, म्हणून नवा, तटस्थ शब्द हवा होता.

शब्दाचे स्वागत थंडपणे झाले. अनेकांना तो अनावश्यक वाटला. पुढे तो रूढ झाला, पण अर्थ आक्रसून. परागकण, धूळ, शेंगदाणे, पेनिसिलीन यांनी होणाऱ्या त्रासालाच लोक ॲलर्जी म्हणू लागले. शब्दाच्या जनकाला अभिप्रेत असलेला अर्धा अर्थ अशा रीतीने गळून पडला. मराठीत 'वावडे' हा जुना आणि नेमका शब्द आहे, तो खाण्याच्या पदार्थांपुरता चांगला चालतो. परिभाषेसाठी 'अधिहर्षता' असाही शब्द घडवला गेला. 'हृष्' धातूत अंगावर काटा उभा राहण्याचा अर्थ असल्यामुळे तो विचारपूर्वक केलेला आहे, परंतु तो ग्रंथांतच राहिला. बोलण्यात पीर्के यांचाच शब्द टिकला.

शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणार नाही, असे एरलिश यांनी त्याच सुमारास प्रतिपादन केले होते आणि त्यांचा अधिकार मोठा होता. मात्र पीर्के यांच्याच व्हिएन्नात १९०४ मध्ये डोनाथ आणि लांडस्टायनर यांनी असा एक आजार दाखवून दिला, ज्यात थंडी लागली की रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे त्याच्याच तांबड्या पेशी फोडतात. पीर्के यांनी स्वयंप्रतिरक्षेवर स्वतंत्र सिद्धान्त मांडला नाही. परंतु प्रतिपिंड हेही पीडेचे कारण असू शकते हे एकदा मान्य झाल्यावर पुढची पायरी दूर नव्हती. ल्यूपस या आजारात मूत्रपिंडे व सांधे यांत जी हानी होते, तिच्यामागे प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची जोडगोळी लहान रक्तवाहिन्यांत अडकणे हे एक मुख्य कारण आहे. सेंट ॲनामधील मुलांच्या सांधेदुखीचे आणि लघवीतील दोषाचे कारणही तेच होते.

क्षयाची त्वचा-चाचणी

रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरील उपचार म्हणून ट्यूबरक्युलिन पुढे आणले होते. उपचार म्हणून ते सपशेल फसले. पीर्के यांनी १९०७ मध्ये त्याच द्रव्याचा निदानासाठी उपयोग करून दाखवला. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूस ट्यूबरक्युलिनचे थेंब ठेवून त्यांतून एका लहानशा टोकदार अवजाराने त्वचा किंचित खरवडायची, मध्ये एक जागा तुलनेसाठी नुसतीच खरवडायची आणि २४ व ४८ तासांनी पाहायचे. क्षयाच्या जंतूंशी पूर्वी संबंध आलेला असल्यास तेथे लाल, टणक उंचवटा येई.

या चाचणीने एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. शहरांतील धडधाकट दिसणारी बहुसंख्य मुले मोठी होईपर्यंत क्षयाच्या जंतूंना सामोरी गेलेली होती. लक्षणे नसताना चाचणी होकारार्थी येणाऱ्या अशा मुलांसाठी पीर्के यांनी 'सुप्त क्षय' ही संज्ञा वापरली. १९०८ मध्ये त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. गोवर आलेल्या मुलाची ही प्रतिक्रिया काही दिवस नाहीशी होते आणि मग परतते. गोवर शरीराची प्रतिकारशक्ती तात्पुरती दुबळी करतो, याचा हा पहिला पुरावा मानला जातो.

पुढे फ्रेंच डॉक्टर शार्ल मांतू यांनी मोजलेली मात्रा त्वचेच्या आत टोचण्याची सुधारित पद्धत आणली. आपल्या दवाखान्यांतून जी 'मोंटू टेस्ट' म्हणून ओळखली जाते, ती हीच. भारतात १९४८ मध्ये मदनपल्ली येथून बीसीजी लसीकरणाचा आरंभ झाला आणि १९५१ पासून ते मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. आरंभीच्या वर्षांत आधी ट्यूबरक्युलिन टोचून, तीन दिवसांनी हात पाहून, मगच लस दिली जाई. शाळेत रांगेत उभे राहून हात दाखवल्याचे जुन्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल.

बाल्टिमोर ते व्हिएन्ना

१९०९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून पीर्के यांची नेमणूक झाली. तेथे ते थोडाच काळ रमले. १९१० मध्ये ते ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे गेले. १९११ मध्ये एशेरिश यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख म्हणून ते परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी एर्विन लाझार यांच्या पुढाकाराने या रुग्णालयात वर्तनाच्या व मानसिक अडचणी असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे हान्स आस्पेर्गर यांनी काम केले ते याच विभागात.

उपाशी मुलांचे अन्न

महायुद्धात आणि त्यानंतर व्हिएन्नात अन्नाचा भीषण तुटवडा पडला. पीर्के यांनी १९१७ पासून आहारावर अनेक खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्मांकाऐवजी दूध हेच त्यांनी मापाचे एकक धरले. १ ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य म्हणजे १ 'नेम'. त्यामुळे १ लिटर दूध साधारण १००० नेम आणि १ ग्रॅम साखर ६ नेम. मुलाची गरज ते बसलेल्या उंचीवरून काढत. ५० सेंटिमीटर बसलेली उंची असल्यास तिचा वर्ग २५००, म्हणून दिवसाची कमाल मर्यादा २५०० नेम. स्वयंपाकघरातील बाईला आणि वॉर्डातील परिचारिकेला हा हिशेब सहज करता येई.

कुपोषित मुले निवडण्यासाठी वजनाच्या दसपटीचे घनमूळ काढून त्याला बसलेल्या उंचीने भागण्याचे एक सूत्रही त्यांनी बसवले होते. त्याला ते 'पेलिडिसी' म्हणत. त्याच्या जोडीला 'साक्राटामा' हा विलक्षण शब्द होता. त्यातील व्यंजने रक्त, चरबी, त्वचेचा ताठरपणा आणि स्नायू यांची लॅटिन आद्याक्षरे होती, तर स्वर त्या त्या गोष्टीचे प्रमाण दाखवत. 'आ' म्हणजे ठीक, 'ओ' म्हणजे कमी, 'उ' म्हणजे फारच कमी. मूल तपासून एक शब्द उच्चारला की त्याची अवस्था लेखनिकास कळे. आपल्याकडील कटपयादि पद्धतीची येथे आठवण होते, फक्त तेथे किंमत व्यंजनांना असते. युद्धानंतर हर्बर्ट हूवर यांच्या अमेरिकन मदतसंस्थेने ऑस्ट्रियातील मुलांना जेवण देण्याची मोहीम उघडली तेव्हा तिची सूत्रे पीर्के यांच्याकडे आली आणि या मापांनी मुलांची निवड झाली. नेम, पेलिडिसी वगैरे संज्ञा पुढे टिकल्या नाहीत. उष्मांकाची पद्धत सर्वत्र रूढ असताना नव्या परिभाषेचा हा हट्ट पीर्के यांनी धरायला नको होता, असे म्हणता येईल. मात्र अन्न त्या मापाने पोचले, हेही खरे.

अखेर

१९०४ मध्ये पीर्के यांनी मारिया फान हूसन यांच्याशी विवाह केला होता. घरच्यांना तो पसंत नव्हता. त्यांना मूल झाले नाही. मारिया यांची प्रकृती पुढे सतत ढासळत गेली आणि झोपेच्या औषधांची सवय जडली. बाहेर पीर्के यांचा लौकिक वाढतच होता. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव पुढे आले होते. त्या निवडणुकीत विल्हेल्म मिक्लास विजयी झाले. त्यानंतर काही आठवड्यांनीच, २८ फेब्रुवारी १९२९ रोजी, पीर्के पतिपत्नींनी सायनाइड घेऊन जीवन संपवले. पीर्के तेव्हा ५४ वर्षांचे होते.

शुश्रूषेतील ठसा

 ॲलर्जीच्या रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका जे पहिले प्रश्न विचारते, ते पीर्के यांच्या पद्धतीतूनच आलेले आहेत. हे औषध पूर्वी कधी घेतले होते? तेव्हा काय झाले? किती वेळाने झाले? काही मिनिटांत पित्त उठणे, दहाव्या दिवशी सांधे दुखणे आणि दोन दिवसांनी त्वचेवर टणक उंचवटा येणे हे तीन निराळे आजार आहेत आणि त्यांतील भेद मुख्यतः वेळेवरून कळतो. म्हणून रुग्णाच्या कागदावर औषधाच्या नावाबरोबर प्रतिक्रियेचे स्वरूप आणि वेळही लिहावी लागते. 'ॲलर्जी आहे' एवढेच लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांना फारसा उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्रात याचे जिवंत उदाहरण सर्पदंशाच्या उपचारात दिसते. सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविषही घोड्यांपासूनच मिळते. ते देताना त्वचेवरील पूर्वचाचणी भरवशाची ठरत नाही, म्हणून आता तिची शिफारस केली जात नाही. त्याऐवजी ॲड्रेनालीन हाताशी तयार ठेवून पहिला काही वेळ रुग्णाजवळ थांबायचे असते. श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, रक्तदाब घसरणे असे दिसताच प्रतिविष थांबवून ॲड्रेनालीन मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिले जाते आणि रुग्णाला एकदम उठून बसू दिले जात नाही. अपवाद श्वास लागलेल्याचा, त्याला टेकून बसवतात. एकदा बरे वाटल्यावर काही तासांनी त्रास उलटू शकतो, यासाठी देखरेख चालू ठेवतात. हे सर्व पार पडून रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा आणखी एक सूचना द्यायची असते आणि गडबडीत नेमकी तीच राहून जाते. आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगाला खाज सुटली, सांधे धरले, तर ते सापाचे विष उलटलेले नसते. तो पीर्के आणि शिक यांनी वर्णिलेला रक्तरसाचा आजार असतो. योग्य उपचाराने तो आवरतो, पण गावी परतलेल्या माणसाला कुणी आधी सांगितले नसेल, तर तो दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जातो.

स्मृती

हिर्शस्टेटन आता व्हिएन्ना शहरात सामावले आहे आणि त्या भागातील एका रस्त्याला पीर्के यांचे नाव आहे. बेला शिक यांनी १९१३ मध्ये घटसर्पाची त्वचा-चाचणी शोधली. १९२३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि १९६७ पर्यंत जगले. रक्तरसाच्या आजारावरील १९०५ च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः केले आणि ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.